पाव चमचा

मंगरूळपीरला बाजारातून दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर जमशेदभाईंचं काटे आणि वजनं दुरुस्त करायचं दुकान आहे. दुकान कसलं, एक खोली. भिंतीला टांगलेल्या पितळी तागड्या, कोपऱ्यात लोखंडी वजनांची उतरंड, आणि मधोमध सतरंजीवर बसलेले जमशेदभाई. किराणावाले, भाजीवाले, कापसाचे व्यापारी, सगळ्यांचे काटे तालुक्यात याच हातांखालून जातात. झिजलेल्या वजनाच्या बुडात शिसं भरायचं, काट्याची दांडी सरळ करायची, आणि सरकारी शिक्का बसण्याआधी माल खरा आहे की नाही हे तपासून द्यायचं, हा त्यांचा धंदा. त्यांच्या वडिलांचाही हाच होता.

मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवत होतो. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. त्यांची माझी ओळख झाली ती शाळेचा तराजू बिघडल्यामुळे. मी तो दुरुस्तीला नेला तेव्हा त्यांनी विचारलं, "गुरुजी, पोराईले काय शिकवता यावर?"

"मापन. मीटर, लीटर, ग्रॅम."

"पाठ करून घेता का दाखवता?"

मी खरं सांगितलं की पाठ करून घेतो. त्यांनी तराजू ठेवून घेतला. दुसऱ्या दिवशी तराजू घेऊन स्वतःच शाळेत आले आणि म्हणाले, "एक तास द्या मले."

सातवीच्या वर्गात त्यांनी टेबलावर तराजू मांडला. एका पारड्यात लीटरचं रिकामं माप ठेवलं, दुसऱ्यात खडे टाकून दोन्ही बाजू सारख्या केल्या. मग माप पाण्यानं काठोकाठ भरलं आणि खड्यांच्या बाजूला किलोचं वजन ठेवलं. काटा थोडा हलला आणि बरोबर मधोमध थांबला. मुलं उठून उभी राहिली.

"पाहा," जमशेदभाई म्हणाले, "लीटरभर पाणी म्हणजे एक किलो. हजार मिलीचे हजार ग्रॅम. तुमाले कोणी फसवत असन तर घरचं पाणी साक्षीले आहे."

मग त्यांनी आपल्या अब्बांच्या काळातली गोष्ट सांगितली. सोळा छटाकांचा शेर, चाळीस शेरांचा मण. धान्याला पायली, आणि प्रत्येक गावाची पायली वेगळी. इंझोरीच्या पायलीनं मोजलेली ज्वारी किन्हीराजात नेली की कमी भरायची, आणि मग दोन्ही गावांत भांडणं. अब्बा दोन्हीकडे जाऊन समजवायचे, की चोर कोणीच नाही, मापच दोन आहेत. "साठ-बासष्ट साली किलो आला, तवा अब्बा चौथी शिकलेले होते. पण ते म्हणत, जमशेद, आता सोळानं भागा लागत नाही, चाळीसनं गुना लागत नाही. दहानं गुना, दहानं भागा, टिंब इकडचं तिकडं सरकवा. आन् वाशिमचा किलो तोच साऱ्या मुलखाचा किलो. गरीब माणसाले यापेक्षा मोठा इन्साफ कोणता?"

त्या वर्गात दुसऱ्या बाकावर त्यांची मुलगी सबिहा बसली होती. बाप समोर उभा राहून बोलतोय म्हणून तिनं सुरुवातीला मान खाली घातली होती. काटा मधोमध थांबला तेव्हा तिनं मान वर केली. तिचा चेहरा फुलला होता. त्यानंतर दर वर्षी मी जमशेदभाईंना सातवीच्या वर्गावर बोलावत असे.

या माणसाला एक शब्द खपत नसे. अंदाजे. दुकानात कोणी म्हणालं, "अंदाजे पाच-दहा ग्रॅमचा फरक असन, चालते ना भाऊ," की ते हातातलं काम खाली ठेवत. "अंदाज पावसाचा घ्या. इथी काटा आहे." एवढं बोलून ते वजन परत करत. असं वजन ते शिसं भरल्याशिवाय शिक्क्याला नेतच नसत, मग गिऱ्हाईक कितीही मोठं असो.

सबिहा त्यांना लग्नानंतर अकरा वर्षांनी झालेली, एकुलती एक. पुढं ती शिकली, कारंज्याच्या मोईनशी तिचं लग्न झालं. मोईनचं तिथं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, मुलगा सरळ. सबिहाची मुलगी माहेरीच जन्मली. उमेरा. जन्मली तेव्हा दोन किलो चारशे ग्रॅमची होती, आणि हे वजन जमशेदभाईंनी मला इतक्यांदा सांगितलं की माझ्याही तोंडी बसलं. बाळ मंगरूळला असेल तेव्हा दर शुक्रवारी नमाजावरून आले की ते तिला पारड्यात जुनी ओढणी अंथरून ठेवायचे. ती पाय झाडायची, काटा नाचायचा. "थांब ना बाई घडीभर," ते म्हणायचे. सुलतानबी, म्हणजे त्यांच्या बीवी, दारातून ओरडायच्या, "लेकराले नजर लागन! शेंगदाणे मोजून राह्यले काय तुमी?"

तीन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत सबिहा बाळाला घेऊन पंधरा दिवस माहेरी आली होती. तिच्या बी.एड.ची परीक्षा होती आणि केंद्र वाशिमला. सकाळच्या बसनं ती जाई, संध्याकाळी येई. उमेरा तेव्हा सात महिन्यांची होती. दुसऱ्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी तिला ताप आला. सबिहानं तिला लगेच डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी वजन केलं, सहा किलो दोनशे. तपासलं, आणि तापाचे थेंब लिहून दिले. शून्य दशांश आठ मिली, दिवसातून फार तर चार वेळा, मध्ये सहा तास गेले पाहिजेत. बाटलीसोबत ड्रॉपर होता, त्यावर मिलीच्या खुणा होत्या. डॉक्टरांनी कुठल्या खुणेपर्यंत भरायचं ते पेनानं दाखवलं. सबिहानं घरी येऊन आईला दाखवलं. रात्रीचं आणि सकाळचं औषध तिनं स्वतः दिलं आणि ती बसला गेली.

त्या दिवशी बाजार समितीच्या आवारात काट्यांना शिक्के मारायचं शिबिर होतं. वर्षातून एकदाचा तो दिवस. व्यापाऱ्यांची रांग, वजनमाप खात्याचे साहेब आलेले, जमशेदभाईंना पाणी प्यायला फुरसत नाही. दुपारी फोन वाजला. पुढचं बोलणं त्यांनी नंतर मला जसंच्या तसं सांगितलं.

"आयका ना," सुलतानबी म्हणाल्या, "थो औषधाचा ड्रॉपर हातातून पडला आन् पायाखाली आला. फुटला. चमच्यानं देऊ काय?"

समोर एक व्यापारी काटा धरून उभा होता. साहेब हाक मारत होते.

"दे ना."

"किती देऊ?"

"पाव चमचा दे."

"पाव?"

"हाव, पाव. अंदाजे दे. मी कामात आहो."

त्यांच्या मनात होता तो चहासाखरेचा बारका चमचा. सुलतानबींनी घेतला तो जेवणाचा मोठा. घरात त्या दोन्हीला चमचाच म्हणत.

सबिहाला ड्रॉपर फुटल्याचं कोणी सांगितलं नाही. परीक्षा चालू, तिचा जीव कशाला टांगणीला लावायचा, म्हणून सुलतानबी म्हणाल्या, "औषधाचं मी पाहतो. तू अभ्यास कर." संध्याकाळी ताप उतरलेला पाहून सबिहानं आईचा हात हातात घेतला होता. दुसऱ्या दिवशी बाटली संपली. पंधरा मिलीची बाटली. जमशेदभाईंनी येताना दुसरी आणली. नव्या बाटलीसोबतचा ड्रॉपर खोक्यातच राहिला; चमच्यानं ताप उतरतोय, तर तो काढायचं कोणाला सुचलं नाही. तिसऱ्या दिवशी तीही संपली, त्यांनी तिसरी आणली. पहिल्या वेळी तर औषधाच्या दुकानदारानं विचारलंही, "भाऊ, लवकर संपली?" ते म्हणाले, "लेकरू थुकते, सांडते."

शून्य दशांश आठ, दिवसातून चार वेळा, म्हणजे दिवसाला तीन मिली आणि वर थोडं. पंधरा मिलीची बाटली साडेचार दिवस जायला हवी. माझ्या सातवीतल्या कोणत्याही मुलानं हे गणित तोंडी केलं असतं. जमशेदभाईंनी तर झोपेतही केलं असतं. त्यांनी ते केलं नाही.

चौथ्या दिवशी उमेरानं दूध सोडलं. उलट्या झाल्या, आणि ती जागी होईना. सबिहाचा शेवटचा पेपर संपला होता. तिनं बाळाला उजेडात नेलं, पापणी वर केली तर डोळा हळदीसारखा पिवळा. तिथून तालुक्याचा दवाखाना, आणि तिथून अकोल्याचं मोठं इस्पितळ. मोईन कारंज्याहून परस्पर आला. मलाही फोन आला आणि मी दुसऱ्या सकाळी अकोल्याला पोचलो.

तिथली डॉक्टरीण तरुण होती. तिनं अगदी शांतपणे विचारलं, "घरी कोणतं औषध दिलं? किती दिलं? कशानं दिलं?"

सुलतानबींनी पिशवीतून बाटली काढली. "हे. पाव चमचा."

"कोणता चमचा?"

बाळाला भरवायला लागेल म्हणून तो पिशवीतच होता. त्यांनी तो पुढं केला. डॉक्टरीण चमच्याकडे पाहत राहिली. मग तिनं समजावून सांगितलं. हेच औषध दोन प्रकारचं येतं. मोठ्या बाटलीत पातळ असतं, या थेंबांच्या बारक्या बाटलीत फार दाट. म्हणून हे मिलीच्या खुणेनंच द्यायचं असतं, चमच्यानं नाही. जास्त झालं की ताप उतरतो, पण आतून लिव्हर जळतं, आणि ते तीन-चार दिवस कळत नाही.

सबिहा भिंतीला टेकून उभी होती. ती आईकडे वळली.

"अम्मी, ड्रॉपर होता ना? मी दाखवला होता ना तुमाले? खूण दाखवली होती ना?"

"फुटला, बेटा."

"फुटला तर चमच्यानं देलं? कोणाले इचारून देलं?"

सुलतानबींनी एकदाच मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. जमशेदभाई तीन पावलांवर होते. मी त्यांच्या शेजारी होतो. मला तेव्हा काही माहीत नव्हतं, पण ती नजर मी पाहिली.

"कोणाले नाही," सुलतानबी म्हणाल्या. "मीच देलं. माह्या मनानं."

जमशेदभाईंचे ओठ हलले.

दोन दिवसांनी उमेरा गेली. तिला मंगरूळला आणलं. एवढुशा कबरीला माणसं किती लागतात? पण गाव लोटलं होतं. जमशेदभाईंनी तिला हातावर घेतलं आणि कबरस्तानापर्यंत कोणालाही खांदा बदलू दिला नाही.

सबिहा तिसऱ्या दिवशी कारंज्याला निघून गेली. जाताना आईच्या अंगावरून गेली, बोलली नाही. त्यानंतर तिनं आईचा फोन उचलणं बंद केलं. बापाचा फोन मात्र ती उचलायची. "अब्बा, जेवले काय? गोळ्या घेतल्या?" असं विचारायची. आईचं नाव निघालं की म्हणायची, "ठेवतो, अब्बा." मोहल्ल्यातही कुजबुज होतीच. सुलतानबी नळावर गेल्या की बाया गप्प होत. एकदा कोणीतरी आपलं लेकरू त्यांच्या समोरून उचलून आत नेलं. त्यानंतर त्या पाण्याला जाईनाशा झाल्या. दिवसदिवस स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून राहत. घरातले चमचे त्यांनी एका फडक्यात बांधून माळ्यावर टाकले होते.

असे चार महिने गेले. जूनमध्ये एका दुपारी जमशेदभाई माझ्याकडे आले. हातात सोनाराकडचा असतो तसा बारका इलेक्ट्रिक काटा. म्हणाले, "गुरुजी, घरी चला. एक तोल करायचा आहे. साक्षीले माणूस पायजे."

घरी त्यांनी काटा ओट्यावर ठेवला. माळ्यावरून गाठोडं काढलं, तो चमचा बाहेर काढला, धुतला, पुसला. एक वाटी काट्यावर ठेवून शून्य केलं. मग बीवीपुढं पाण्याची बाटली धरली.

"सबिहाची अम्मी, तू जसं देत होती, तसा पाव चमचा भर. जास्त नाही, कमी नाही."

सुलतानबींनी तोंड पदरात घेतलं. "कायले? आता कायले करून राह्यले हे?"

"भर."

"जमशेदभाई, राहू द्या," मी म्हणालो.

"नाही गुरुजी. भरू द्या तिले."

त्यांनी भरला. पहिल्यांदा पाणी सांडलं. पुन्हा भरला. जमशेदभाईंनी तो हळूच वाटीत रिकामा केला. काट्यावर आकडा आला, चार दशांश एक. वाटी कोरडी करून पुन्हा. तीन दशांश नऊ. पुन्हा. बरोबर चार.

"चार ग्रॅम पाणी," ते म्हणाले. "म्हणजे चार मिली. शून्य आठ पायजे होतं. पाच पट." वाटी पुसत ते म्हणाले, "पाहा गुरुजी, किती सोपं आहे. अब्बाच्या जमान्यात हा गुन्हा सापडलाही नसता. छटाकाचे किती चमचे, कोण सांगन? इथी एका मिनिटात सापडला."

मग ते खाली बसले आणि त्यांनी मला त्या फोनबद्दल सांगितलं. शिबिर, रांग, साहेबांची हाक, आणि आपण वापरलेला तो शब्द. सगळं.

"दवाखान्यात हिनं माह्याकडे पाह्यलं, गुरुजी. मले बोलाचं होतं. पण सबिहा तवा आईकडे ज्या डोळ्यानं पाहून राह्यली होती ना, थे डोळे माह्यावर वळतीन म्हणून मी भेलो. चार महिने मी हिच्या पदराआड लपलो."

सुलतानबी म्हणाल्या, "बस करा. हात माहा होता. एकाचं नाव खराब झालं, तेवढं बस नाही काय? पोरीले एक तरी राहू द्या. बापाले तरी फोन लावते थे."

"थो फोन माहा नाही," जमशेदभाई म्हणाले. "चोरीचा आहे."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासोबत कारंज्याच्या बसमध्ये बसलो. एकट्यानं आपली जीभ पुन्हा अडखळेल, अशी त्यांना भीती होती.

सबिहानं दार उघडलं. बाप दिसल्यावर तिचा चेहरा उजळला. ती फार वाळली होती. तिनं पाणी आणलं, पंखा लावला, मोईनला दुकानातून बोलावलं. "अब्बा, न सांगता आले? तब्येत तर बरी आहे ना?"

"बस, बेटा. पाणी मंग."

त्यांनी उभ्यानंच सांगितलं. एकही शब्द कमी केला नाही, गर्दीचं कारण पुढं केलं नाही. "तुह्या अम्मीनं मले फोन लावला होता. तिनं इचारलं होतं. मी म्हटलं, पाव चमचा दे. अंदाजे दे, म्हटलं. बाटल्या मी आणल्या. दवाखान्यात तिनं मले वाचवलं आन् मी वाचवू देलं."

मोईन खुर्चीची पाठ धरून उभा राहिला. सबिहा बापाच्या चेहऱ्याकडे पाहत होती. तिनं आरडाओरड केली असती तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

"अब्बा," ती म्हणाली, "दुकानात कोणाले तुमी कधी अंदाजे म्हटलं?"

"नाही."

"भाजीवाल्याले?"

"नाही."

"चार वांग्यांसाठी नाही म्हटलं. मंग माह्या लेकरासाठी काहून म्हटलं?"

ती पुढं म्हणाली, "मले वाटत होतं, मी पेपर लिहून राह्यली होती म्हणून झालं. मंग वाटलं, अम्मीमुळे झालं. चार महिने मी माह्या मायले मरू देलं, अब्बा. तिचा फोन वाजला का मी उशीखाली दाबत होती. तुमी मले रोज हे करू देलं. रोज. मी तुमाले इचारत होती, जेवले काय."

तिनं आत जाऊन दार लावून घेतलं. मोईननं आम्हाला बसस्टँडवर सोडलं. तो भला मुलगा. जमशेदभाईंचा हात त्यानं क्षणभर धरला आणि सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्याच गाडीनं सबिहा मंगरूळला आली. जमशेदभाई दुकानात होते. दुकानासमोरूनच घरचा रस्ता जातो, ती मान न वळवता गेली. घरात काय झालं ते सुलतानबींनी नंतर माझ्या बायकोला सांगितलं. सबिहा उंबऱ्यात आईच्या शेजारी बसली, तिचे दोन्ही हात घेतले आणि स्वतःच्या डोक्यावर आपटून घ्यायला लागली. "मारा मले, अम्मी. मारा." सुलतानबींनी हात सोडवून घेतले आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. दोघी दुपारपर्यंत तशाच होत्या. चूल पेटली नाही. तिसऱ्या प्रहरी सबिहानं आईचे चार कपडे पिशवीत भरले आणि तिला कारंज्याला घेऊन गेली.

जाताना सुलतानबी दुकानापाशी थांबल्या. "डब्यात पीठ आहे," एवढंच त्या नवऱ्याला म्हणाल्या. "आठ दिवसांनी येतो."

त्या दोन महिन्यांनी आल्या. तेव्हापासून त्यांचं असंच चाललं आहे, दोन महिने इथं, दोन महिने तिथं. मायलेकींचं जे तुटलं होतं ते पुन्हा सांधलं. जमशेदभाईंना तेच हवं होतं, आणि त्याचं काय होणार हेही त्यांना ठाऊक होतं. सबिहाचा फोन त्यांना येणं बंद झालं.

मधल्या काळात ते गप्प बसले नाहीत. आमच्या भागात लिलाबाई म्हणून आशा वर्कर आहे. लसीकरणाच्या दिवशी आया लेकरं घेऊन येतात, तिथं मला बसू दे, असं त्यांनी तिला विनवलं. लिलाबाई आधी कचरली, मग तिनं वरिष्ठांना विचारून परवानगी आणली. पहिल्या वेळी त्यांनी सगळ्या बायांना निरोप दिला होता की घरातून आपापला चमचा घेऊन या. अकरा बाया आल्या. त्यांनी एकेक चमचा काठोकाठ भरून बारक्या काट्यावर पाण्याचं वजन केलं. एकीचा तीन ग्रॅमचा निघाला, एकीचा सतरा ग्रॅमचा. अकरा चमच्यांचे आकडे अकरा.

"तुमी सगळ्या याले चमचाच म्हणता," ते म्हणाले. "डॉक्टर मिली लिहितो, कारण मिली कोणाच्या घरी बदलत नाही. खुणेची नळी पायजे, नाहीतर बिनसुईची सिरिंज. थे नसन तर दुकानात जा, आणा, मंग औषध द्या. घंटाभर ताप राह्यला तर लेकरू मरत नाही."

एका तरुण आईनं विचारलं, "चाचा, एवढा बारीक इचार कोण करते? थोडं इकडंतिकडं झालं तर काय होते?"

लिलाबाईनं त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की घरचं काही बोलू नका, बाया घाबरतात. पण त्यांनी सांगितलं. "माही नात होती. सात महिन्यांची. मी थोडं इकडंतिकडं केलं." तिकडच्या कोपऱ्यात एक लेकरू रडत होतं, तेवढंच.

तेव्हापासून ते मंगरूळच्या प्रत्येक लसीकरणाला बसतात, आसपासच्या गावांना जातात, एसटीनं, पिशवीत काटा आणि सिरिंजांचा डबा घेऊन. मी दोन-तीनदा सोबत गेलो. दरवेळी शेवटी कोणी ना कोणी तो प्रश्न विचारतंच, आणि दरवेळी ते तेच उत्तर देतात. घरी परतल्यावर त्यांना ताप भरतो. मी एकदा म्हणालो, "जमशेदभाई, आता नातीचं सांगणं बंद करा. बाकीचं पुरेसं आहे." ते म्हणाले, "बाकीचं तं मी तुमच्या वर्गातही सांगत होतो, गुरुजी. माह्याच घरात कोणाच्या कामी आलं?"

मागच्या हिवाळ्यात सबिहाला मुलगा झाला. कारंज्यालाच. सुलतानबी तिथंच होत्या. मोईननं फोन करून सासऱ्याला कळवलं आणि म्हणाला, "येऊन जा, अब्बा. ती नाही म्हणणार नाही." जमशेदभाईंनी जायला वीस दिवस लावले. शेवटी गेले, एकटेच. मी संध्याकाळी त्यांना घ्यायला स्टँडवर गेलो.

ते बसमधून उतरले. आम्ही कँटीनच्या बाकावर बसलो. मी विचारलं, "बाळ पाहिलं?"

"पाह्यलं. मोईननं आणून दाखवलं. मी हात नाही लावला. मनात आलं, तिले आवडन का नाही."

"आणि सबिहा?"

ते समोरच्या गाडीची पाटी वाचत बसले. मग म्हणाले, "जेवाले बसवलं. तिनंच वाढलं. समोर उभी होती. मी मान वर नाही केली. मंग म्हणाली, भाजी देऊ काय आणखीन."

"मग?"

"मी हाव म्हटलं. पोट भरलं होतं, गुरुजी, तरी हाव म्हटलं. अडीच वर्षांत तेवढंच बोलली थे माह्याशी." त्यांनी रुमाल काढला, पण डोळ्यांना लावला नाही, हातातच चुरगाळत राहिले. "निघताना दाराशी आली नाही. लेकराले पाजत होती, म्हणे."

मी त्यांना घरापर्यंत सोडलं. दार उघडून ते अंधाऱ्या खोलीत शिरले. आत कोणीच नव्हतं, सुलतानबींना यायला अजून महिना होता.